एकोणतीस मिनिटं आधी आलेलं विमान

परवा जावईबापू परदेशातून आले आणि सोफ्यावर टेकता टेकताच म्हणाले, "नऊ तासांत घरी!" मी विचारलं, "कुणाच्या घड्याळानं?" झालं! लेकीनं कपाळाला हात लावला, हिनं आतून डोळे वटारले. जावयाला असं विचारू नये हे मलाही कळतं. पण एकतीस वर्षं ज्यानं विमानांच्या वेळा तपासण्यात घालवली, त्याला कोणी वेळ सांगितली की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. माणूस खोटं बोलत असेल असं नाही. त्याचं घड्याळ बोलत असतं.

आमचा धंदा साधा. विमान उडवायचं नाही, त्याला हातही लावायचा नाही. ते या क्षणी कुठं असायला हवं, एवढं कागदावर मांडायचं. जुहूचं विमानतळ ते हैदराबादचं बेगमपेट, अंतर धरा तीनशे ऐंशी मैल. विमानाची चाल ताशी दीडशे मैल. म्हणजे अडीच तासांच्या वर चार-दोन मिनिटं. समोरून वारा असला तर दहा मिनिटं वाढवा, पाठीमागून असला तर कमी करा. चौथीच्या पोराचं गणित. फरक एवढाच, की चौथीच्या पोराचं उत्तर चुकलं तर छडी बसते, आणि आमचं चुकलं तर कोणाच्या तरी घरी फौजदार जातो.

हे मी उगाच म्हणत नाही. एका घरी तो जवळजवळ गेला होता, आणि तो धाडणारा मीच होतो.

लढाईचे दिवस होते. त्रेचाळीस सालचा हिवाळा. मी बावीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, नगरच्या लष्करी छावणीत विमान-टेहळणीच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलेला. जिल्हाभर आमची ठाणी होती. ठाणं म्हणजे काय, तर गावातला एक लिहिता-वाचता माणूस, त्याला सरकारनं दिलेलं एक खिशातलं घड्याळ आणि छापील कागदांचा एक गठ्ठा. आकाशात विमान दिसलं किंवा ऐकू आलं की वेळ, दिशा आणि संख्या लिहायची. ओळखीचं नसलं तर जवळच्या तारघराकडे धावायचं. रोजची नेहमीची विमानं असतील तर आठवड्याचे कागद टपालानं नगरला पाठवायचे. ते कागद माझ्या टेबलावर यायचे, आणि कोण जागा आहे, कोण झोपा काढतोय, हे मी त्यावरून ताडायचो.

लोक नाना तऱ्हेचे. पारनेरकडचा एक तलाठी घारींनाही सोडायचा नाही. "चार विमाने, अतिउंच, गोल फिरत आहेत," अशी त्याची तार आली की साहेब आधी शिव्या घालायचा आणि मग हसायचा. दुसरा एक मास्तर रविवारी विमानच बघायचा नाही, शाळेला सुट्टी म्हणून. तेव्हापासून मला सवय लागली, की कागद हातात आला की पहिला विचार, हा गडी मला कुठं फसवतोय?

जुहूहून सकाळी नऊला एक टपालाचं विमान बेगमपेटला जायचं. श्रीगोंद्याच्या ठाण्यावरून ते नऊ पन्नासला जायचं. पुढं आमचं शेवटचं ठाणं जामखेड तालुक्याच्या दक्षिण कडेला, निजामाच्या हद्दीला अगदी चिकटून. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. श्रीगोंद्याहून तिथवर चाळीस मैल, म्हणजे सोळा मिनिटं. दहा वाजून सहा मिनिटांनी विमान तिथं दिसलं पाहिजे. आणि तिथला टेहळ्या लिहायचा, नऊ सदतीस.

म्हणजे विमान श्रीगोंद्याला पोचायच्या आधी तेरा मिनिटं जामखेड ओलांडून गेलेलं!

एक दिवस असतं तर मी डुलकी म्हणून सोडून दिलं असतं. पण तीन आठवड्यांचे कागद काढले, तर रोज तीच गत. विमान वाऱ्यामुळं पाच मिनिटं उशिरा आलं, तर याचीही नोंद पाच मिनिटं उशिरा. फरक मात्र तोच, एकोणतीस मिनिटं. अट्ठावीस नाही, तीस नाही. आता सांगा, संशय येणार नाही तर काय होईल? माझ्या डोक्यात दोन गोष्टी. एक तर टपालाच्या पुढं अर्धा तास दुसरंच कसलं तरी विमान निजामाच्या हद्दीत शिरतंय, आणि ते श्रीगोंद्याला कोणालाच दिसत नाही. किंवा हा टेहळ्या आकाशाकडे बघतच नाही, त्याला कोणीतरी आधीच वेळ कळवतंय. बेचाळीसच्या चळवळीचं सगळं ताजं होतं, भूमिगत लोक खेड्यापाड्यांतून होतेच. मी तांबड्या शाईनं शेरा मारला, "नोंदी बनावट असण्याचा दाट संशय," आणि कागद साहेबापुढं ठेवला. त्या तांबड्या शाईचा मला काय अभिमान वाटला होता म्हणून सांगू!

साहेब इंग्रज, अर्ध्या हिंदुस्थानीत बोलणारा. कागद बघून म्हणाला, "ये आदमी झूठा है. लढाई में झूठा रिपोर्ट मतलब जेल." मग टेहळ्याचं नाव वाचलं, विनायक जोशी. त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुम भी बामन, वो भी बामन. तुम जाओ, देखो. लेकिन तुम्हारा अकेले का बात नहीं चलेगा. पाँच आदमी का दस्तखत लाओ. नहीं तो फौजदार जाएगा."

संशयाचा धडा मी शिकत होतो, पण तो आपल्यावरही उलटतो हे तिथं पहिल्यांदा कळलं.

जामखेडपर्यंत कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार, चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायची. पुढं छकडा. गावात पोचलो तो दिवस कलत होता. पाटलांच्या ओसरीवर उतरलो. पाटील म्हणजे मोठं प्रस्थ, पागोटं, मिशा, आवाज खणखणीत. मी कशाला आलो हे काही सांगितलं नाही, नुसतं "सरकारी काम" म्हणालो. पाटील हसले. "जोशीबुवांचं काम आसंल. आवो, देवमानूस हाय. ह्या पंचक्रोशीत एक लगीन त्यांच्या घटकंबिगर लागत न्हाई. पळ इकडचं तिकडं व्हायचं न्हाई."

"पळ?" मी विचारलं.

"व्हय. त्येंच्याकडं वाटी हाय न्हवं, पान्यात बुडनारी."

माझ्या काही ध्यानात आलं नाही. मी मनात म्हटलं, हा पाटीलही सामील असणार.

सकाळी उजाडायच्या आत जोशीबुवांच्या दारात जाऊन उभा राहिलो, न सांगता. न सांगता गेलं की खरं सापडतं, असं मला वाटायचं. साठीचे गृहस्थ, अंगावर उपरणं, परसात पूर्वेकडे तोंड करून उभे. शेजारी पाण्यानं भरलेलं मोठं घंगाळ आणि त्याच्याशी पाटावर बसलेल्या काकू, म्हणजे बुवांच्या पत्नी. मला बघून बुवा एवढंच म्हणाले, "थांबा, बोलू नका." क्षितिजावर सूर्याची कड दिसली, तसे ते म्हणाले, "सोड." काकूंनी तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडली. वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं; घटकेचा साठावा भाग म्हणजे पळ. काकूंनी पाटावर चिंचोका ठेवायचा, वाटी काढून पुन्हा सोडायची. रोज सकाळी, विमान जाईपर्यंत, ती दोघं हेच करत होती!

"सरकारी घड्याळ कुठं आहे?" मी दरडावून विचारलं.

बुवांचा चेहरा पडला. काकूंनी मान खाली घातली. बुवा आत गेले आणि देवघरातून फडक्यात गुंडाळलेलं घड्याळ घेऊन आले. "दसऱ्याच्या आधी हातातून पडलं. बंद झालं. सरकारची वस्तू मोडली, काय शिक्षा होईल देव जाणे. म्हणून कळवलं नाही. पण नोंद एक दिवस चुकवली नाही हो. वाटीवर करतो."

मी छद्मी हसलो. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता, चोर सापडल्याचा. मी माझं मनगटी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "बघू या तुमची वाटी."

दहा वाजून सहा मिनिटं झाली आणि पश्चिमेकडून घरघर आली. ठिपका दिसला. टपालाचं विमान, माझ्या गणिताबरहुकूम. बुवांनी वाटीतलं पाणी बघितलं, चिंचोके बघितले, डोळे मिटले आणि म्हणाले, "पाच घटका बावन्न पळं. नऊ सदतीस."

माझ्या मांडीवर दहा सहा. त्यांच्या तोंडी नऊ सदतीस. आणि माणूस माझ्या डोळ्यांदेखत विमान बघून बोलत होता! ना कोणी वेळ कळवली, ना दुसरं विमान गेलं. हा खोटा नव्हता. मग एकोणतीस मिनिटं गेली कुठं?

"सूर्योदय किती वाजता धरता?"

"पंचांगात आहे तो. त्यात घटका-पळं मिळवायची. सरकारनं लढाईपायी घड्याळं एक तास पुढं केलीत, तोही तास मिळवतो. मला काय तेवढं कळत नाही होय?"

मी पंचांग मागितलं. मुंबईत छापलेलं, जुनं वळण. पहिल्याच पानावर लिहिलेलं, सर्व वेळा मुंबई टाइमाप्रमाणे. तेव्हा मुंबई शहराचं घड्याळ निराळं असायचं, साऱ्या देशाच्या घड्याळाच्या एकोणचाळीस मिनिटं मागं. रेल्वे, तारघर, आमची कचेरी देशाच्या घड्याळावर, आणि पंचांग मुंबईच्या. बुवांना कोणी हे सांगितलंच नव्हतं. पण एकोणचाळीस? आम्हाला हवेत एकोणतीस. दहा मिनिटं जास्त होत होती. मी अर्धा तास डोकं खाजवत बसलो. काकूंनी चहा दिला, तो थंड झाला. आणि एकदम उजेड पडला. पंचांगातला सूर्योदय मुंबईचा, आणि बुवा बघतात तो इथला! सूर्य इथं मुंबईच्या दहा मिनिटं आधी उगवतो. ज्या वाटेला विमानाला एक तास सहा मिनिटं लागतात, ती सूर्य दहा मिनिटांत काटतो. एकोणचाळीसातून दहा गेले, एकोणतीस. बुवांची वाटी पळभरही चुकली नव्हती. चुकली होती ती फक्त तिची घड्याळाशी घातलेली सांगड.

मी आनंदानं उडीच मारली. "बुवा, तुम्ही सुटलात! तुमची चूक सापडली!"

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "माझी चूक?"

मी समजावलं. त्यांना लगेच समजलं, माझ्याहून लवकर. मग ते हळूच म्हणाले, "हे इथं घरात राहू द्या. साहेबाला काय सांगायचं ते सांगा. पण गावात नको."

"पाच जणांच्या सह्या लागतील. नाहीतर फौजदार येईल, तुरुंग होईल तुम्हाला."

"होऊ द्या. खोटा म्हणून तुरुंगात गेलो तर लोक म्हणतील, सरकारचं काय खरं! पण जोशाची वेळ चुकली असं एकदा कानावर गेलं ना, तर माझं इथं काही उरत नाही. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला नाही कळायचं."

काकू पहिल्यांदाच बोलल्या, "अहो, तुरुंगात गेल्यावर मी काय करू?" बुवांनी उपरणं डोळ्यांना लावलं.

मी काकूंचं ऐकलं. आजही मला वाटतं, त्यांचंच ऐकायला हवं होतं. पण कसं सांगायचं, हे तरी मला कळायला नको होतं का? मी चावडीवर पाच पंच बोलावले, पाटील त्यांत पहिले. आणि कोळशाचा तुकडा घेऊन चावडीच्या भिंतीवर मुंबई काढली, जामखेड काढलं, सूर्य काढला, विमान काढलं. बावीस वर्षांचं वय, समोर माना डोलावणारी माणसं, आणि मला आपल्या हुशारीची चढलेली! तास-अर्धा तास व्याख्यान झोडलं. दहा वेळा बजावून सांगितलं, वाटी बरोबर आहे, घटका बरोबर आहे, मुहूर्त सगळे बरोबर लागलेत. मग पंचनामा वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, "सदर जोशी यांची वेळ एकोणतीस मिनिटे मागे असल्याचे आढळले." साहेबाला तेवढंच हवं होतं.

पाटलांनी सही केली, टाक खाली ठेवला आणि विचारलं, "म्हंजी रावसाहेब, आमच्या चंपीचं लगीन चुकीच्या टायमाला लागलं म्हना की."

चंपी त्यांची थोरली. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि नवऱ्यानं टाकल्यामुळं ती माहेरी परत आली होती. हे मला तिथं कळलं.

"नाही हो पाटील! मुहूर्त घटकेवर लागतो, घड्याळावर नाही. घटका चुकलेली नाही."

"एकुनतीस मिंटं लई झाली, रावसाहेब," पाटील म्हणाले.

दुसरा पंच पुटपुटला, "आमच्या धाकल्याचं पहिलं पोर गेलं, ते उगाच न्हाई मंग." तिसऱ्यानं दाराशी उभ्या असलेल्या जोशीबुवांकडं असं बघितलं, की बुवा तसेच मागच्या पावली निघून गेले. मी ओरडून ओरडून सांगत राहिलो. माझं सूर्याचं चित्र भिंतीवर तसंच होतं. गावानं त्यातून एकच गोष्ट उचलली होती.

नगरला आलो. साहेबानं सह्या मोजल्या, फाइल बंद केली, जोशीबुवांना नवं घड्याळ पाठवलं आणि मला म्हणाला, "गुड वर्क, बाबू." पुढं दीड-दोन वर्षं त्या ठाण्याइतकी अचूक नोंद जिल्ह्यात कुठली नव्हती. दहा सहा म्हणजे दहा सहा. पण कागद टपालानं आले की मी ते घाईनं बाजूला सारायचो.

पुढच्याच वैशाखात पाटलांचं पत्र आलं. धाकटीचं लग्न, रावसाहेबांनी अवश्य यावं. जावंसं वाटत नव्हतं, तरी गेलो. मांडवात जामखेडहून आणलेले भटजी होते, मनगटावर चकचकीत घड्याळ. पाटील मला कानात म्हणाले, "आवंदा घड्याळवाले आनल्यात. आता संशयच नगं." जोशीबुवा मांडवाच्या कडेला सतरंजीवर बसले होते, चार पाहुण्यांसारखे. त्या हंगामात त्यांना एकाही लग्नाचं बोलावणं आलं नव्हतं. काकू आल्या नव्हत्या.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी रागानं बघितलं नाही, जरा सरकून जागा दिली. मुहूर्त किती, असं विचारल्यावर म्हणाले, "पंचांगात अकरा वीस."

भटजींनी अकरा विसात लढाईचा एक तास मिळवला. बारा विसाला "सावधान" झालं, वाजंत्री कडाडली, अक्षतांचा पाऊस पडला. मुंबईचं पंचांग, देशाचं घड्याळ. हिशेब मला तोंडपाठ होता. एकोणतीस मिनिटं! नेमकी तीच चूक, आणि या वेळी खरीखुरी मुहूर्ताची. ज्या चुकीपायी बुवांचं नाव गेलं, ती चूक मनगटावर बांधून आलेल्या माणसाचे लोक पाय धरत होते. मी उठणार होतो. बुवांनी माझा हात दाबून धरला. "बसा. मागं एकदा सांगितलंत ना तुम्ही, पुरे झालं."

त्यांची उजवी मूठ मिटलेली होती. त्यांनी अक्षता टाकल्याच नव्हत्या.

पंगती बसल्या, मांडव रिकामा झाला. नवरा-नवरी पाटावर दमून बसली होती, आजूबाजूला दोन-चार बायका. बुवा म्हणाले, "तुमच्या घड्याळात बारा एकोणपन्नास झाले की सांगा."

"कशाला बुवा? त्या पाटलानं तुमचं काय केलंय..."

"पाटलाचं राहू द्या हो. पोरीनं माझं काय केलंय? बघा तुम्ही घड्याळ."

मी बघत राहिलो. आयुष्यात इतक्या वेळा मिनिटकाट्याकडं पाहिलंय, पण इतकं जिवावर येऊन कधी नाही. काटा टेकला तसा मी म्हणालो, "झाले." साठीचा तो माणूस गुडघ्यावर हात देऊन उठला, दोघांजवळ गेला, ओठांतल्या ओठांत "शुभमंगल सावधान" म्हणाला आणि त्यानं मूठ उघडून अक्षता त्यांच्या डोक्यावर टाकल्या. नवरी दचकून वर बघू लागली. कडेची एक बाई दुसरीला म्हणाली, "बुवांचं डोस्कं फिरलं वाटतं."

बुवा परत येऊन माझ्याशेजारी बसले आणि माझ्या रिकाम्या हातांकडे त्यांनी पाहिलं. बुवांखेरीज सगळं ठाऊक असलेला तिथं मी एकटाच होतो, आणि माझ्या अक्षता मी बारा वीसलाच सगळ्यांबरोबर टाकून बसलो होतो.